फाइलमधली ‘कॅप्सूल’

गेल्या महिन्यात एक तरुण आईला घेऊन दवाखान्यात आला. बाई पन्नाशीच्या. चार वर्षांपूर्वी कर्करोगामुळे त्यांचा डावा स्तन काढला होता आणि त्याच वेळी तिथे सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले होते. नंतर किरणोपचारही झाले. अलीकडे ती बाजू घट्ट लागू लागली, म्हणून त्या मुंबईला दाखवून आल्या. परतताना एस.टी.त मुलाने कागद वाचला. ‘कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर, ग्रेड ३’. मग चार दिवस घरात कुणाला अन्न गोड लागले नाही.

‘‘डॉक्टर, आईचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजला गेला का?’’ हा मुलाचा पहिला प्रश्न. बाईंचा प्रश्न वेगळाच होता, ‘‘माझी कुठली कॅप्सूल चुकली का हो?’’

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच होते.

इथली कॅप्सूल म्हणजे औषधाची नव्हे. शरीरात बाहेरची वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती पातळ पडदा विणते. हृदयाच्या पेसमेकरभोवती विणते, तसेच इम्प्लांटभोवतीही. या पडद्याला कॅप्सूल म्हणतात. तो प्रत्येकीला येतो आणि तो येणे हा आजार नाही. काही जणींमध्ये मात्र तो जाड होऊन आवळू लागतो. त्या आवळण्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणायचे. किरणोपचार झालेल्या स्त्रियांत याचे प्रमाण जास्त असते.

‘ग्रेड’ म्हणजे या आवळण्याची पायरी. बेकर नावाच्या अमेरिकन सर्जनने ती आखली. पहिल्या पायरीत स्तन मऊ असतो. दुसरीत हाताला थोडा घट्ट लागतो, पण दिसायला ठीक. तिसरीत घट्टपणाबरोबर आकारही बिघडलेला दिसतो. चौथीत तो कठीण होतो आणि दुखतो. कर्करोगाच्या स्टेजशी या आकड्यांचा काडीचाही संबंध नाही. आम्ही डॉक्टर मंडळी हे शब्द एकमेकांसाठी लिहितो आणि कागद मात्र पेशंटच्या हातात देतो, हा दोष आमचाच. तरीही जखमेच्या व्रणाजवळ किंवा काखेत नवी गाठ लागली, तर ती कॉन्ट्रॅक्चरच असेल असे घरी ठरवू नये, लगेच दाखवावी.

बाईंना सुचवलेल्या उपायाचे नाव होते ‘कॅप्सुलेक्टमी’. शब्दाच्या शेवटी ‘एक्टमी’ आले की काहीतरी काढून टाकायचे असते. मॅस्टेक्टमी म्हणजे स्तन काढणे, तसा इथे पडदा काढणे. नुसते ‘टॉमी’ असेल तर छेद देणे. म्हणून कॅप्सुलॉटमीत पडदा कापून सैल करतात. ‘एक्स्प्लांट’ म्हणजे बसवलेले इम्प्लांट काढणे.

‘एक्स्पांडर’ हा शब्द असेल तर तो जपून वाचा. ते कायमचे इम्प्लांट नव्हे. ती तात्पुरती पिशवी असते. तिच्यात सुईने थोडे थोडे सलाइन भरून वरची कातडी ताणतात आणि पुढे तिच्या जागी इम्प्लांट बसवतात. अनेक एक्स्पांडरच्या तोंडाशी लोहचुंबक असतो. अशा वेळी एमआरआय काढणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून कंबरेच्या दुखण्यासाठी का होईना, एमआरआयला गेलात तर आत शिरण्यापूर्वीच हे सांगा.

‘रप्चर’ म्हणजे फाटणे. सलाइनचे इम्प्लांट फाटले की स्तन बसका होतो, ते लगेच कळते. सिलिकॉनचा जेल दाट असतो, तो बरेचदा पडद्यातच राहतो आणि बाहेरून काही समजत नाही. यालाच ‘सायलेंट रप्चर’ म्हणतात. त्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली असा सल्ला दिला, की सिलिकॉनच्या इम्प्लांटची पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय पाच-सहा वर्षांनी करावी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. इम्प्लांट जन्मभर टिकेल असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही.

‘सिरोमा’ म्हणजे साठलेले पाणी. शस्त्रक्रियेनंतर लगेच झाला तर तो नेहमीचा. वर्षभराने किंवा त्यानंतर ती बाजू अचानक सुजली, तर मात्र ते पाणी काढून तपासायलाच हवे. कारण खरबरीत पृष्ठभागाच्या, म्हणजे ‘टेक्स्चर्ड’ इम्प्लांटभोवती क्वचित एक लिम्फोमा होतो. हा स्तनाचा कर्करोग नव्हे, पांढऱ्या पेशींचा आहे. याच कारणाने जुलै २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीने आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. ज्यांना काही त्रास नाही, त्यांनी ती काढून घ्यावीत असे मात्र तेव्हा सांगितले गेले नाही.

हे ऐकताच मुलगा पुन्हा घाबरला. ‘‘आईचे कोणते आहे?’’ मी फाइल मागितली. मागच्या कप्प्यात, जुन्या बिलांच्या खाली, इम्प्लांटचे कार्ड होते. कंपनीचे नाव, लॉट नंबर, डावी बाजू, ३२५ सीसी आणि पुढे ‘स्मूथ’, म्हणजे गुळगुळीत. चार वर्षांत ते कुणी बाहेर काढलेच नव्हते. मुलाने लॉट नंबर वहीत उतरवला आणि खाली पुढच्या वर्षीच्या सोनोग्राफीचा महिना लिहिला. बाईंनी कार्ड रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवले.