मेंदूचे स्कॅन आणि फुटलेला पेपर

'आमचं मॉडेल एमआरआयवरून ९८ टक्के अचूकतेने अल्झायमर ओळखतं' असं एखाद्या शोधनिबंधात वाचलं, की मी आधी डेटाची विभागणी कशी केली ते शोधते. बहुतेक वेळा ते एका ओळीत उरकलेलं असतं. कधी तेवढंही नसतं!

आता बघा, एमआरआय म्हणजे डोक्याचं त्रिमितीय चित्र. एकेक मिलिमीटरचे काप धरले तर एका माणसाचे दीडशेच्या वर काप निघतात. माणसं मात्र कमी असतात. 'ओएसिस' या खुल्या डेटासंचाच्या पहिल्या भागात ४१६ जणच आहेत, आणि डीप लर्निंगला तर हजारो चित्रं लागतात. मग प्रत्येक काप हे स्वतंत्र चित्र मानलं जातं. इथपर्यंत ठीक आहे.

गडबड होते ती पुढे. सगळे काप पत्त्यांसारखे पिसून ८० टक्के ट्रेनिंगला आणि २० टक्के टेस्टला दिले, तर एकाच माणसाचा ७० वा काप इकडे आणि ७१ वा तिकडे जातो. दोन्ही जवळजवळ सारखेच. मेंदूच्या वळ्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. त्यामुळे आजाराने हिप्पोकॅम्पस कसा आक्रसतो हे मॉडेलला शिकावंच लागत नाही. 'हा तोच माणूस' एवढं ओळखलं की उत्तर तयार. याला डेटा लीकेज म्हणतात. आपल्या भाषेत, पेपर फुटला.

२०२१ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात हे फार छान दाखवलंय. त्यांनी ओएसिसमधल्या स्कॅनना लेबलं चक्क यादृच्छिक दिली. म्हणजे कोण आजारी आणि कोण निरोगी, हे नशिबावर. यात शिकण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे अचूकता ५० टक्क्यांच्या आसपास यायला हवी. माणसांनुसार विभागणी केली तेव्हा ती ५० आली. कापांनुसार केली तेव्हा सुमारे ९६!

आणि हे फक्त नवशिक्यांचं होतं असं नाही. अल्झायमरवरच्या अशा कामांचा आढावा २०२० मध्ये निघाला, त्यात निम्म्याहून जास्त निबंधांमध्ये लीकेजची शक्यता दिसली. दवाखान्यात येणारा पेशंट मॉडेलसाठी कायम नवाच असतो, तिथे हे ९८ टिकत नाहीत. शिवाय तुमचे प्रामाणिक ८२ त्या ९८ शेजारी ठेवले जातात आणि गाईड विचारतात, 'एवढे कमी का?'

म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी माणसांचे आयडी वेगळे करा. सायकिट-लर्नमधलं 'ग्रुपकेफोल्ड' हेच काम करतं. 'ॲडनी'सारख्या डेटात तोच माणूस पुन्हा पुन्हा स्कॅनला येतो, त्याचे सगळे स्कॅन एकाच बाजूला हवेत. नॉर्मलायझेशनची सरासरी, फीचर्सची निवड हेसुद्धा ट्रेनिंगच्या डेटावरूनच ठरवा.

आणि एकदा लेबलं माणसांनुसार पिसून आख्खी पाइपलाइन चालवून बघा. दोन्ही गट सारखे असतील तर ५० च्या जवळपास यायला हवं. वारंवार बरंच जास्त आलं, तर पेपर कुठेतरी फुटतोय.