चिठ्ठी उघडा, समीकरण सोडवा



दहावीची परीक्षा जवळ आली की घरात एक काळजी असते, पोराला बीजगणित झेपेल का? कांद्याच्या हिशेबपट्टीतली चूक तोंडी काढणारी मुले वहीत ‘क्ष’ दिसला की गप्प होतात. आणि गणितात नापास झाले की मुलगा कायमचा शेतावर, मुलीच्या लग्नाची बोलणी, असे आपल्या जुन्नर-आंबेगावात अजूनही काही घरांत घडते. म्हणून हा विषय केवळ शाळेवर सोपवून चालणार नाही.

गेल्या हिवाळ्यात माती परीक्षणाची माहिती सांगायला ओतूर भागातल्या एका शाळेत गेलो होतो. गणिताच्या बाईंनी उजळणीचा खेळ मांडला होता. खोक्यात चिठ्ठ्या आणि वर्गाचे पाच-पाच जणांचे गट. सोप्या प्रश्नाला १० गुण, मध्यम प्रश्नाला २०, अवघड प्रश्नाला ३०. मध्येच एखादी सामान्यज्ञानाची चिठ्ठी. नियम दोनच. प्रश्न कोणत्याही गटाचा असो, तो सर्वांनी सोडवायचा. आणि फळ्यावर गटातले कोण येणार, ते बाई ठरवणार. त्यामुळे हुशार मुलाच्या आड कोणाला लपता येईना आणि हुशार मुलाला शेजाऱ्याला समजावून सांगावेच लागे.

१० गुणांचा प्रश्न बाईंनी मलाच घालायला लावला. युरियात नत्र ४६ टक्के असते. पिकाला २३ किलो नत्र द्यायचे, तर युरिया किती? ‘‘पन्नास किलो, एक गोणी!’’ मुले ओरडली. पन्नास किलो बरोबर, पण युरियाची गोणी आता ४५ किलोची असते. पाच किलो कमी पडले असते.

२० गुणांचा प्रश्न असा होता. चौरस तुकड्याचे क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट, तर बाजू किती? समीकरणाची उत्तरे दोन, ३३ आणि उणे ३३. ‘‘उणे तेहतीस फुटांचा बांध कोणी पाहिलाय?’’ बाईंनी विचारले. वर्ग हसला. दुसरे उत्तर का सोडायचे, ते एका गुंठ्याने शिकवले.

३० गुणांसाठी मागच्या बाकावरची एक मुलगी उठवली. कांदा-बटाट्याच्या मिळून ४० गोण्या, एकूण वजन २१५० किलो. कांद्याची गोणी ५० किलोची, बटाट्याची ६० किलोची. प्रत्येकी किती? खडू हातात धरून ती उभीच राहिली. बाई म्हणाल्या, ‘‘बाजारात कशी करशील, तशी कर.’’

‘‘सगळ्या कांद्याच्याच धरल्या तर दोन हजार किलो. दीडशे जास्त भरले. बटाट्याच्या गोणीमागे दहा किलो जास्त. म्हणजे बटाट्याच्या पंधरा, कांद्याच्या पंचवीस.’’

बाईंनी शेजारी मांडले: क्ष + य = ४०, ५०क्ष + ६०य = २१५०. पहिल्याला ५० ने गुणून दुसऱ्यातून वजा केले. राहिले १०य = १५०. मुलगी फळ्याकडे बघत म्हणाली, ‘‘म्हणजे मी हेच केलं?’’

हेच तर बीजगणित! तोंडी हिशेबाला अक्षरांचा अंगरखा घातला, एवढेच.

सामान्यज्ञानाच्या चिठ्ठीत विचारले होते, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे आपल्या तालुक्यात दगडात कोठे कोरले आहेत? उत्तर नाणेघाट. सातवाहनांच्या त्या लेखात दान दिलेल्या गायींची संख्याही आकड्यांत आहे. कोड्यांतून गणित शिकवणेही आपल्याकडे जुनेच. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त भुंगे, हंस, मोर आणि साप यांची उदाहरणे घातली. आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात तर त्यांनी अज्ञात संख्यांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे दिली.

हा खेळ घरीही होतो. जेवणे झाली की जुनी हिशेबपट्टी काढा. वजन, हमाली, तोलाई आणि हाती आलेली रक्कम सांगा, भाव झाका आणि म्हणा, ‘‘हा क्ष काढ.’’ चुकले तर रागावू नका, ‘कसे केलेस?’ एवढेच विचारा. चूक कोठे झाली, ते मूल बहुधा सांगता-सांगताच ओळखते.

एक कोडे आजच घाला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेना आहेत. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या किती? पहिलीच्या २९, दुसरीच्या नव्या २८, असे एकापर्यंत. बेरीज ४३५. दहावीतली अंकगणिती श्रेढी ती हीच.

त्या मुलीची मी नंतर चौकशी केली. बाई म्हणाल्या, आता न बोलावताच फळ्यापाशी येते.