ऊन होतं, वीज नव्हती

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी १०च्या सुमारास ग्रिड कोसळलं, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. गच्चीवर नुसतं ग्रिडला जोडलेलं सोलर असेल, तर अशा वेळी तेही बंद पडतं, भर उन्हात! लाइन मृत समजून काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये, म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. ते योग्यच आहे.

हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी जोडली की घर ग्रिडपासून क्षणात वेगळं होतं, पॅनेल चालू राहतात. ५ युनिटांची लिथियम बॅटरी पंखे, दिवे, फ्रिज असा ५०० वॅटचा भार साधारण ९ तास ओढते. लिफ्टचं गणित निराळं: मोटर सुरू होताना कितीतरी जास्त करंट खेचते. सातव्या मजल्यावरच्या आजींसाठी ते गणित सोसायटीने आधी मांडायला हवं.