पंखा आधी, मशीन मागाहून

होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड मशीन घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, ‘किती हॉर्सपॉवरचं?’ पंख्याबद्दल, म्हणजे प्रोपेलरबद्दल, फारसं कुणी विचारत नाही. खोक्यातून जो पंखा येतो तो लावायचा आणि होडी पाण्यात लोटायची, अशी रीत आहे. अरुंद, हलक्या होडीला ती बहुतेक वेळा चालून जाते. तराफ्याला चालत नाही, आणि पनवेलच्या खाडीत तराफा चालवायचा असेल तर मुळीच नाही.

तराफा म्हणजे पाँटून बोट. दोन लांब बंद नळकांडी, त्यांवर सपाट पाट, कडेला कठडा, वर छप्पर. रचना आपल्याला परकी नाही. गणेश विसर्जनाला तळ्यांवर असेच तराफे असतात, आणि दोन होड्या फळ्यांनी जोडून त्यांवर जड सामान नेण्याची रीत जुनी आहे. आजच्या पाँटून बोटीचं श्रेय अमेरिकेतल्या मिनेसोटातील अ‍ॅम्ब्रोज वीअर्स या शेतकऱ्याला देतात. त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी पिंपं टोकाला टोक लावून जोडली आणि वर लाकडी पाट ठोकला. मिनेसोटातली तळी मात्र शांत असतात. पनवेलची खाडी तशी नाही.

गाढी आणि कासाडी या नद्यांचं पाणी या खाडीला येऊन मिळतं. मुंबई बंदरात उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, तेच पाणी आत पनवेलपर्यंत येतं आणि सहा तासांनी ओढून जातं. सुकतीला दोन्ही बाजूंना तिवरांची मुळं आणि गुडघाभर गाळ उघडा पडतो. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेल बंदरात उतरायचा आणि तिथून बोरघाटाची वाट धरायचा. १८२५ साली कलकत्त्याचे बिशप हेबर याच मार्गाने गेले. तेव्हाही होडीची वेळ भरती ठरवत होती. आज त्यात भर पडली आहे ती तरंगत्या प्लॅस्टिकची आणि जुन्या जाळ्यांच्या तुकड्यांची. मशीन निवडताना या सगळ्याचा विचार आधी करायला हवा.

वजनापासून सुरुवात करू. नळकांडं ६ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर व्यासाचं धरलं, तर ते पूर्ण बुडाल्यावर साधारण १७०० लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे १७०० किलो पेलतं. दोघांचे ३४०० किलो. पण नळकांडी निम्म्याहून जास्त बुडू द्यायची नाहीत, तेव्हा खुद्द नळकांडी, पाट, छप्पर, मशीन, पेट्रोल आणि माणसं मिळून १७०० किलोंची मर्यादा. ही मर्यादा कुणासाठी वाकवू नये. ८ ऑगस्ट २०१९ ला कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जादा माणसांनी भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. मशीनची ताकद कितीही असो, बुडण्यावर तो उपाय नाही.

मग वेग. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीला तिच्या लांबीने घातलेली मर्यादा असते. पाण्यातल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ घ्यायचं आणि साडेचारने गुणायचं, की किलोमीटरमधला ताशी वेग मिळतो. ६ मीटरला तो ११ येतो. त्याच्या पुढे ढकलायला गेलं की तराफा स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहतो, पेट्रोल दुपटीने जातं आणि वेग जेमतेम वाढतो. वजनाचा ठोकताळा टनाला तीन-चार हॉर्सपॉवरचा. म्हणजे शांत पाण्यात पाच ते सात हॉर्सपॉवर पुरे. पण उधाणाच्या सुकतीत पाणी ताशी चार किलोमीटरने उलटं ओढत असेल आणि छपरावर पावसाळी वारा थडकत असेल, तर हाताशी वीसेक हॉर्सपॉवर असावेत. चाळीस लावून काही साधत नाही.

आता पंखा. त्यावर दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा लाकडात शिरणाऱ्या स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात जितका पुढे सरकला असता ते अंतर. पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, म्हणून पंखा थोडा घसरतो. ही घसर किती, यावर सगळी गंमत आहे. मशीन मिनिटाला ५५०० फेरे मारतंय, गिअरने ते निम्मे होऊन पंख्याला २७५० मिळतात आणि पंख्याचा पिच १० इंच आहे, असं धरा. घसरला नाही तर तो तासाला जवळजवळ ४२ किलोमीटर जायला हवा. तराफा जातो ११ ने. म्हणजे ताकदीचा मोठा हिस्सा पाणी घुसळण्यात गेला. प्रत्यक्षात मशीन ५५०० ला पोचतच नाही, ते साडेतीन-चार हजारांवर धापा टाकत राहतं, तापतं, काजळी धरतं. मालक म्हणतो, मशीन कमी पडलं. कमी पडलेला असतो पंखा.

बोरघाट चढणारा भरलेला ट्रक खालच्या गिअरवर चालतो, टॉपवर नाही. तराफ्याला तसाच पंखा हवा, मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा, सावकाश फिरणारा. जास्त पाणी हळू मागे ढकललं की त्याच ताकदीत रेटा जास्त मिळतो. कंपन्यांना हे ठाऊक आहे. यामाहाच्या साध्या ९.९ हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोक मशीनचा गिअर २.०८ चा (मशीनच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक), तर ‘हाय थ्रस्ट’ जातीच्या ९.९ चा २.९२ चा, आणि त्याच्या पंख्याचा व्यासही साध्यापेक्षा दोन इंचांहून अधिक मोठा. हॉर्सपॉवर तेच, पण जड बोट हलवण्यात दोघांत फार फरक. दुकानात साध्यापेक्षा महाग आणि ‘वेग कमी’ म्हणून ते बाजूला ठेवलं जातं, याचं मला वाईट वाटतं. तराफ्यासाठी तेच मागावं.

पंख्याचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथने १८३६ मध्ये लाकडी स्क्रूचं पेटंट घेतलं, त्याला पूर्ण दोन आटे होते. पुढच्या वर्षी कालव्यातल्या चाचणीत तो आपटून अर्धा तुटला, आणि बोट आधीपेक्षा वेगाने धावू लागली. पंखा कसा असावा हे पाण्यात उतरल्यावरच ठरतं, हे तेव्हापासूनचं. ओल इव्हिनरूडने १९०९ मध्ये आउटबोर्ड विकायला काढलं, त्यानंतर मशीन शंभर अंगांनी बदललं, पण पंखा आणि बोट यांची जोडी आजही बोटीगणिक जुळवावी लागते.

एक वीसचं घ्यावं की दोन ९.९ ची? माझं ठाम मत दोघांच्या बाजूने आहे. प्रत्येक नळकांड्यामागे एक. दोघांत अंतर असल्याने एक पुढे, एक मागे टाकून तराफा जागच्या जागी वळतो, आणि अरुंद खाडीत वाऱ्याने आडवा लोटल्यावर याची किंमत कळते. एक बंद पडलं तर दुसरं धक्क्याला आणतं. खर्च आणि देखभाल दुप्पट, हे खरं.

शाफ्टची लांबीही तपासावी. १५ इंचाचा शाफ्ट होडीला ठीक, तराफ्याची मागची फळी उंच असते, तिला २० इंची लागतो, कधी २५. शाफ्ट तोकडा पडला तर पंखा हवा ओढतो, मशीन किंचाळतं आणि रेटा नाहीसा होतो. लांब शाफ्ट सुकतीला गाळात रुततो, म्हणून मशीन झटकन वर उचलता आलं पाहिजे, आणि उथळात शिरताना तांडेलाचा हात तिथेच असला पाहिजे.

पाती तीन की चार? चार पात्यांना पकड जास्त, मागे घेताना जोर बरा. स्टीलचा पंखा टिकाऊ खरा, पण दगडावर आपटला तर धक्का आत गिअरपर्यंत जातो. या खाडीसाठी मी अ‍ॅल्युमिनियमच घेईन. पातं वाकलं तर पंखा बदलता येतो, गिअर वाचतो.

खरा शत्रू तंगूस. तुटक्या जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्याच्या मागे शाफ्टवर गुंडाळला जातो, फिरता फिरता वितळून घट्ट बसतो आणि ऑइल सील कापतो. मग खारं पाणी गिअरमध्ये शिरतं. ओळखायची खूण सोपी: खालचा स्क्रू काढल्यावर तेल काळसर, पण साफ आलं तर ठीक, दुधाळ आलं तर सील गेलं. म्हणून दर काही फेऱ्यांनी स्प्लिट पिन काढावी, नट सोडावा, पंखा ओढून बाहेर घ्यावा, धागा ब्लेडने सोडवावा, शाफ्टला ग्रीस लावून पंखा परत बसवावा आणि पिन नवी घालावी. पंधरा मिनिटांचं काम आहे. मशीन थंड करून बाजूने पडणारी पाण्याची धारही बघत राहावी. ती बारीक झाली की प्लॅस्टिकची पिशवी पाणी आत घेणाऱ्या जाळीला चिकटलेली असते, नाहीतर गाळाने आतलं रबरी इंपेलर झिजलेलं असतं. दिवस संपला की गोड्या पाण्याने मशीन धुवायचं, आणि मशीनऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा ठोकळा निम्मा खाल्ला गेला की बदलायचा.

निवड बरोबर झाली का, हे एका फेरीत कळतं. तराफ्यावर नेहमीची माणसं नि सामान चढवायचं. रिकामा तराफा काहीच सांगत नाही. सुकतीच्या उलट्या ओढीला तोंड करून मूठ पूर्ण पिळायची आणि टॅकोमीटर बघायचा. पुस्तिकेत पूर्ण मुठीची पट्टी दिलेली असते, समजा ५००० ते ६००० फेरे. काटा ४४०० वर अडला तर पिच जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की साधारण २०० फेरे वाढतात, तेव्हा तीन-चार इंच कमी पिचचा पंखा लावून पुन्हा बघायचं. काटा ६००० च्या पुढे पळाला तर उलट करायचं. काढलेला पंखा टाकून द्यायचा नाही. तो, एक नट आणि दोन-चार स्प्लिट पिना तराफ्यावरच्या पेटीत ठेवायच्या, कारण गाळात पातं तुटतं तेव्हा भरती सरायला लागलेली असते आणि दुकान पनवेल शहरात असतं.