रॅगटाइमची लिपी आणि रॅगटाइमचा उच्चार

रॅगटाइम हा अमेरिकेतील संगीतप्रकार जगापुढे आला तो छापील कागदाच्या रूपाने, ही गोष्ट त्याच्या जतनाचा विचार करताना प्रथम लक्षात घ्यावयास हवी. त्याची मुळे कृष्णवर्णीय वादकांच्या मौखिक परंपरेत आहेत, यात शंका नाही. परंतु मिझुरी राज्यातील सिडेलिया या रेल्वेच्या गावी संगीतसाहित्याचा व्यापारी जॉन स्टार्क याने १८९९ साली स्कॉट जॉप्लिन याचा 'मेपल लीफ रॅग' प्रसिद्ध केला, प्रत्येक प्रतीमागे एक सेंट रचनाकारास देण्याचा करार केला, आणि घरोघरच्या पियानोवर ते पाने जाऊन बसली. जे संगीत असे स्वरलिपीत बांधले गेले आहे, त्याचे जतन म्हणजे कागदांचे जतन, असे वरवर पाहता कोणासही वाटेल. वस्तुस्थिती याहून बरीच गुंतागुंतीची आहे.

रॅगटाइमची घडण साधी आहे. पियानोवर डावा हात लष्करी कवायतीच्या संगीतासारखा ठाम चालतो. खर्जाचा एक स्वर, मग वरचा स्वरसमूह, असा त्याचा क्रम ढळत नाही. उजव्या हाताचे आघात मात्र मात्रेवर न पडता तिच्या अलीकडे वा पलीकडे पडतात. भारतीय तालशास्त्रातील अतीत आणि अनागत या संज्ञा येथे पुष्कळशा जवळच्या ठरतील. सोळा मापांचे एक पद, अशी बहुधा चार पदे मिळून एक रचना होते. हे सर्व स्वरलिपीत लिहिता येते. लिहिता येत नाही ती गोष्ट निराळी: तो आघात नेमका किती वजनाचा, पदाची पुनरावृत्ती करताना वादकाने स्वतःचे काही घालावे की नाही, आणि गती कोणती. लिखित शब्दावरून बोलणाऱ्याचा हेल कळत नाही, तसाच हा प्रकार आहे.

जॉप्लिनला ही अडचण पुरेपूर ठाऊक होती. १९०८ साली त्याने 'स्कूल ऑफ रॅगटाइम' या नावाची सहा पाठांची एक लहान पुस्तिका काढली. तीत त्याने उभ्या तुटक रेषा ओढून कोणता स्वर कोणत्या क्षणी पडतो ते दाखविले, प्रत्येक स्वरास त्याचे पुरते मूल्य द्यावे असा आग्रह धरला आणि रॅगटाइम कधीही घाईने वाजवू नये अशी सक्त सूचना दिली. भाषाशिक्षणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही एक उच्चारप्रवेशिकाच होय.

ती फारशी उपयोगी पडली नाही. १९१७ च्या एप्रिलमध्ये जॉप्लिन न्यूयॉर्क येथे मरण पावला, तोवर जाझचा उदय होऊन रॅगटाइमची हौस ओसरू लागली होती. सिडेलियातील ज्या जॉर्ज आर. स्मिथ कॉलेजात त्याने शिक्षण घेतले, ती कृष्णवर्णीयांसाठी असलेली संस्था १९२५ साली जळाली. त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण नाही. १९१६ साली स्वयंचलित पियानोसाठी केलेल्या काही गुंडाळ्या आहेत, पण त्यांवर मागाहून संस्कार झालेले असल्याने त्यांची साक्ष निःसंशय मानता येत नाही. पुढे १९५० च्या सुमारास रॅगटाइम पुन्हा कानी येऊ लागले, ते बव्हंशी दारूच्या गुत्त्यातील बेसूर पियानोची नक्कल करीत आणि भरधाव वेगाने. लिपी शाबूत होती, पण उच्चार भलताच रूढ झाला होता.

याच सुमारास, १९५० साली, रूडी ब्लेश आणि हॅरिएट जॅनिस यांचा 'दे ऑल प्लेड रॅगटाइम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी हयात असलेल्या वादकांचा शोध घेतला. ब्रुकलिनमध्ये त्यांना जोसेफ लॅम सापडला. स्टार्कने ज्याच्या रचना छापल्या होत्या, तो हा गृहस्थ हयात आहे आणि गोरा आहे, हे तोवर अनेक जाणकारांच्या गावीही नव्हते. १९५९ साली त्याचे वादन ध्वनिमुद्रित झाले आणि पुढल्याच वर्षी तो निवर्तला. ब्रन कॅम्पबेल (१८८४–१९५२) याने किशोरवयात जॉप्लिनकडे धडे घेतले होते असे सांगितले जाते. त्याने वृद्धापकाळी मुद्रित केलेला 'मेपल लीफ' छापील प्रतीहून ठळकपणे वेगळा आहे. पाठभेदाचा अभ्यास करणाऱ्यास ही मोठीच पर्वणी होय. कोणता पाठ प्रमाण मानावा, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही.

पुनरुज्जीवनाचा मोठा काळ १९७० नंतरचा. त्या वर्षी जोशुआ रिफ्किन याने जॉप्लिनच्या रचना संयत गतीने, मूळ स्वरलिपीस धरून वाजविल्या व त्याची ध्वनिमुद्रिका अनपेक्षितपणे लोकप्रिय झाली. १९७१ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने व्हेरा ब्रॉड्स्की लॉरेन्स यांनी संपादिलेले समग्र जॉप्लिन दोन खंडांत प्रसिद्ध केले. १९७३ साली गुंथर शुलर यांनी न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीतील विद्यार्थ्यांकडून जुन्या वाद्यवृंदीय प्रती वाजवून घेतल्या. त्याच वर्षी आलेल्या 'द स्टिंग' या चित्रपटाने १९०२ सालचा 'द एंटरटेनर' जगभर पोहोचविला. चित्रपटाचे कथानक १९३६ सालचे, म्हणजे रॅगटाइम विस्मृतीत गेल्यानंतरचे आहे, याची प्रेक्षकांनी फिकीर केली नाही.

या लाटेतूनच महोत्सव निघाले. सिडेलिया येथे १९७४ साली पहिला महोत्सव झाला, आणि मध्ये काही वर्षे खंड पडल्यावर १९८३ पासून तो दरवर्षी भरविण्याचा क्रम सुरू झाला. अशा महोत्सवांचे खरे कार्य रंगमंचावरील मैफलींपुरते नसते. संशोधकांची व्याख्याने होतात आणि रात्री मुख्य कार्यक्रम संपल्यावर एखाद्या दिवाणखान्यातील पियानोभोवती वादक जमतात. तेथे म्हातारा वादक आणि सोळा वर्षांचा मुलगा एकच रॅग आळीपाळीने वाजवितात, गतीवरून हुज्जत घालतात, एकमेकांच्या बोटांकडे पाहतात. भाषाशास्त्रज्ञ ज्याला भाषिक समाज म्हणतो, तो रॅगटाइमपुरता वर्षातून काही दिवस येथे अस्तित्वात येतो. १९७५ साली इलिनॉय राज्यात सुरू झालेल्या जुन्या धर्तीच्या पियानोवादनाच्या जागतिक स्पर्धेत मुलांसाठी निराळा विभाग ठेवण्यात आला, त्यामागील हेतूही हाच. श्रोतृवर्ग वयस्क होत चालला असताना या विभागाचे महत्त्व बक्षिसाच्या रकमेवर मोजावयाचे नसते.

शाळेतील शिक्षणाची बाजू मात्र दुबळी आहे. पियानो शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या हाती 'द एंटरटेनर'ची सुलभ आवृत्ती पडते आणि सुलभीकरणात पहिला बळी जातो तो मात्रेबाहेरच्या आघाताचा. आघात काढून घेतल्यावर उरते ती केवळ गोड चाल. दुसरी अडचण याहून नाजूक आहे. त्या काळच्या कित्येक छापील प्रतींच्या मुखपृष्ठांवर कृष्णवर्णीयांची विद्रूप व्यंगचित्रे आहेत आणि त्यांची टर उडविणारी गाणी रॅगटाइमच्याच नावाखाली खपत होती. ही पाने मुलांपासून दडविणारा शिक्षक त्यांना अर्धाच इतिहास देतो; ज्या समाजाने हे संगीत दिले, त्याच्या अपमानावरच ते विकले गेले, हे समजल्याखेरीज जॉप्लिनच्या गंभीर महत्त्वाकांक्षेचा अर्थ लागत नाही.

ती महत्त्वाकांक्षा 'ट्रीमोनिशा' या संगीतिकेत सर्वांत स्पष्ट दिसते. कथा १८८४ च्या आर्कान्सामधील आहे: दास्यमुक्त झालेल्यांच्या वस्तीत शिकलेली एकटी मुलगी असते, आणि अखेरीस वस्ती तिलाच आपली पुढारी निवडते. जॉप्लिनने १९११ साली स्वखर्चाने तिची गायन-पियानोची प्रत छापली. पूर्ण रंगमंचीय प्रयोग १९७२ साली अटलांटा येथे झाला, त्याच्या मृत्यूनंतर पंचावन्न वर्षांनी. १९७६ साली त्यास मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. त्याने स्वतः केलेली वाद्यवृंदाची मांडणी मात्र हरवली आहे. म्हणून अटलांटासाठी टी. जे. अँडरसन यांनी, ह्यूस्टनच्या १९७५ च्या प्रयोगासाठी शुलर यांनी आणि पुढे रिक बेंजामिन यांनी ती नव्याने रचली. बेंजामिन यांनी जॉप्लिनच्या काळातील लहान नाट्यगृहांतून वाजणाऱ्या मोजक्या वाद्यांचाच मेळ पसंत केला.