गुंडी आणि अरण्य

मनुष्याच्या वेषभूषेने वन्य जीवांची फार मोठी हानी केली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिका या खंडांत स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे खोवण्याची रूढी पडली. विणीच्या हंगामात बगळ्यांच्या अंगावर येणाऱ्या तलम पिसांना विशेष मागणी असे. ती मिळविण्यासाठी घरट्यांवरील पक्षी मारले जात व मागे राहिलेली पिले उपासमारीने मरत. भारतातूनही पक्ष्यांची पिसे परदेशी जात असत. १९०२ साली सरकारने त्यांच्या निर्यातीस बंदी केली.

हा इतिहास पाहता वेषभूषेची हौस ही अरण्याची शत्रूच होय, असे कोणासही वाटेल. परंतु हीच हौस अरण्य राखण्याच्या कामी लावता येईल काय? दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या देशात एका वृक्षाच्या बीपासून होणाऱ्या गुंडीच्या द्वारे असा प्रयत्न झाला आहे.

वृक्षावर पिकणारे हस्तिदंत

पॅसिफिक महासागर आणि अँडीज पर्वत यांच्या दरम्यान इक्वेडोरची दमट वने आहेत. त्यांत टाग्वा नावाचा वृक्ष वाढतो. तो नारळ, ताड व खजूर यांच्याच कुलातील असून ताडाप्रमाणे त्याचेही नर व मादी वृक्ष वेगवेगळे असतात. त्याच्या प्रजातीचे फायटेलेफस हे शास्त्रीय नाव ‘वनस्पती’ आणि ‘हत्ती’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे.

या नावाचे कारण त्याच्या बीत आहे. कोवळ्या बीमध्ये शहाळ्यातील पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. पुढे तो कोवळ्या खोबऱ्यासारखा दाट होतो आणि बी पक्व झाल्यावर त्याचा शुभ्र, कठीण व हस्तिदंतासारखा दिसणारा गर बनतो. हा गर म्हणजे वृक्षाने भावी रोपासाठी साठविलेले अन्नच होय. त्यातील पेशींच्या जाड भित्तिकांत मॅनन नावाचा पदार्थ असतो. बी रुजू लागली म्हणजे एंझाइमे मॅननचे साखरेत रूपांतर करतात व त्यावर रोप पोसले जाते. खजुराची बी दातांनी फुटत नाही, याचेही कारण हेच आहे.

फळांचे खरबरीत, जड घोस पिकल्यावर खाली पडतात आणि त्यांतील बिया जमिनीवरून वेचता येतात. त्यासाठी वृक्ष तोडावा लागत नाही. अगूटी व तत्सम कुरतडणारे प्राणीही ही फळे खातात व बिया इतस्ततः नेऊन पुरतात. वेचलेल्या बिया उन्हात वाळवून त्यांच्या चकत्या पाडतात. चकत्या कातून, भोके पाडून व रंगवून त्यांच्या गुंड्या तयार करतात.

भरभराट आणि ऱ्हास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे अर्धशतक या गुंड्यांचा मोठा व्यापार चालला. इक्वेडोरच्या बंदरांतून बिया जर्मनी, इटली व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथील कारखान्यांत जात. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र प्लॅस्टिकची गुंडी आली. ती स्वस्त होती व साच्यातून हवी तशी निघे. टाग्वाचा भाव उतरला. वनात राहणाऱ्यांना उभ्या वृक्षापासून मिळणारे उत्पन्न घटले. उलट लाकूडतोड, केळीच्या बागा व गुरांची कुरणे यांचे आकर्षण वाढत गेले. पश्चिम इक्वेडोरमधील सखल प्रदेशातील वनांचा बहुतेक भाग विसाव्या शतकात नाहीसा झाला.

१९९० चा प्रयोग

१९९० साली ‘कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल’ या संस्थेने इक्वेडोरच्या एस्मेराल्दास प्रांतात टाग्वाचा व्यापार पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले. सांतियागो व कायापास या नद्यांच्या काठच्या वस्त्यांत बिया वेचणाऱ्या कुटुंबांना योग्य भाव मिळावा आणि वन उभे ठेवण्यातच त्यांचे हित असावे, असा त्यामागील विचार होता. ‘पॅटागोनिया’सारख्या कपड्यांच्या अमेरिकन कंपन्यांनी या गुंड्या आपल्या कपड्यांना लावल्या. त्याच वर्षाच्या आरंभी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील बंदी अंमलात आली होती. त्यामुळे मणी व लहान कोरीव वस्तू यांसाठीही या बीकडे लक्ष वेधले गेले.

मर्यादा

तथापि, गुंडी विकली गेली म्हणजे वन वाचलेच, असे समजणे चुकीचे ठरेल. टाग्वा उपयुक्त असल्याने पुष्कळ ठिकाणी सभोवतालचे वन साफ करताना तेवढाच वृक्ष राखला जातो. कुरणात एकटा उभा असलेला टाग्वाही फळे देत राहतो; परंतु त्याची रोपे गुरांच्या पायांखाली तुडविली जातात आणि वनातील अन्य वनस्पती व प्राणी तर आधीच नाहीसे झालेले असतात. गुंडी तीच राहते, पण तिच्यामागे अरण्य उरत नाही. शिवाय सर्वच बिया वेचून नेल्या तर नवे वृक्ष कोठून येणार? बी रुजण्यास फार काळ लागतो आणि रोपास पहिली फळे येण्यास बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ जावा लागतो.

दुसरी अडचण बाजाराची आहे. वेषभूषेची आवड चंचल असते. आज ज्या गुंडीस मागणी आहे, तिला उद्या कोणी विचारील याची शाश्वती नाही. शिवाय वेचणारा आणि शिंपी यांच्या दरम्यान अनेक हात असतात. किमतीचा मोठा वाटा त्यांतच खर्ची पडला, तर वनवासी कुटुंबास कुरणच अधिक किफायतशीर वाटेल. म्हणून या व्यापारास जमिनीवरील स्थानिकांच्या हक्काची, काही बिया वनातच सोडण्याच्या शिस्तीची आणि राखीव वनांच्या संरक्षणाची जोड असावी लागते.

टोपीवरचे पीस मिळविण्यासाठी पक्ष्याचा जीव घ्यावा लागे. टाग्वाची बी वृक्षास धक्का न लावता मिळते. हा भेद महत्त्वाचा असला, तरी केवळ तेवढ्याने अरण्य टिकत नाही. ती बी उभ्या वनातून आली काय आणि वेचणाऱ्यास तिचा न्याय्य मोबदला मिळाला काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच त्या लहानशा गुंडीचे खरे मोल अवलंबून आहे.