गाडीत बसण्याआधी वायपर बघा



मागच्या पावसाळ्यात गटाच्या कामासाठी आम्ही सात जणी भाड्याच्या जीपनं औंढ्याहून हिंगोलीला निघालो. वाटेत ट्रकनं काचेवर चिखल उडवला. ड्रायव्हरदादांनी वायपर लावला, तर चिखल निघायच्या ऐवजी काचभर पसरला. पाण्याचं बटण दाबलं, पाणीच आलं नाही. दादा खिडकीतून मान काढून गाडी चालवत होते. देवाची कृपा, वाचलो. नंतर गॅरेजवर थांबून आम्ही हे सगळं समजून घेतलं. तेच आज सांगतो.

आपली शिलाई मशीन आठवा. पाय खाली-वर होतो आणि चाक गोल फिरतं. वायपरचं उलटं असतं. बॅटरीवरची लहान मोटर गोल फिरते. दातेरी चाकं तिचा वेग कमी करून जोर वाढवतात. पुढं जोडलेल्या दांड्या त्या गोल फिरण्याचं डावं-उजवं हलणं करतात. वायपरच्या दांडीतली स्प्रिंग रबर काचेवर दाबून धरते. बटण बंद केलं तरी वायपर मधेच थांबत नाही, खाली जागेवर जाऊनच थांबतो. त्यासाठी मोटरीतच एक स्विच असतो.

काच धुण्याचं पाणी बोनेटखालच्या प्लास्टिकच्या टाकीत असतं. बटण दाबलं की छोटा पंप ते नळीतून बारीक तोंडापर्यंत ढकलतो आणि काचेवर फवारा उडतो.

आता बिघाड ओळखू. काचेवर रेघा राहिल्या, तर रबर मळलंय किंवा उन्हानं कडक झालंय. ओल्या फडक्यानं पुसा, तरी रेघा राहिल्या तर बदला. पंपाचा आवाज येतो पण पाणी नाही, तर आधी टाकी बघा. ती भरलेली असेल तर तोंड तुंबलंय किंवा नळी निसटलीय. तुंबलेलं तोंड बारीक सुईनं मोकळं होतं. आवाजच नाही, तर फ्यूज तपासायला सांगा.

बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं तोंड लवकर तुंबतं, म्हणून टाकीत गाळलेलं गोडं पाणी भरावं. कपड्याची पावडर टाकू नये, फेस होतो. कोरड्या धुळीवर वायपर फिरवू नये, काचेवर ओरखडे पडतात. आधी पाणी, मग वायपर.

आणि एक गोष्ट. हाताच्या दांडीनं चालणाऱ्या वायपरचं पेटंट अमेरिकेत १९०३ साली मेरी अँडरसन नावाच्या बाईनं घेतलं. न्यूयॉर्कच्या थंडीत ट्रामच्या ड्रायव्हरचे काचेमुळं होणारे हाल तिनं प्रवासी म्हणून बसल्या जागेवरून पाहिले होते. गाडी न चालवणाऱ्या बाईलाही काच दिसते, मैत्रिणींनो.

आपल्याकडं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणं काचेच्या गाडीला चालू वायपर लागतोच. म्हणून हळद घेऊन वसमतला निघा की बँकेच्या कामाला, गाडी ठरवताना भाड्याबरोबर एवढं म्हणा, "दादा, जरा पाणी मारून वायपर फिरवून दाखवा." लाजू नका. आमचा गट आता दाखवल्याशिवाय गाडीत बसत नाही.